न्यू पॅलेसवाल्या मँट साहेबांचं आडनाव कुठलं? दुर्मिळ इंग्रजी आडनाव असं शोधा

आपल्या न्यू पॅलेसचं आणि टाऊन हॉलचं डिझाईन करणारे मेजर चार्ल्स मँट, यांचं आडनाव मूळ कुठल्या भागातलं हे कोल्हापुरात बसून मोबाईलवर शोधता येतंय, आणि हीच पद्धत कुठल्याही दुर्मिळ इंग्रजी आडनावाला चालते. स्मिथ, टेलरच्या नादाला लागू नका, लोहार आणि शिंपी गावोगावी होते, त्यामुळं त्या आडनावांना एक मूळ गाव नसतंयच. दुर्मिळ आडनाव मात्र बऱ्याचदा एकाच पट्ट्यातनं निघालेलं असतं.

सुरुवात अर्थापासनं करू नका. दहा साईट दहा गोष्टी सांगतात आणि वर घराण्याचं मानचिन्ह विकायला बघतात, ते अजिबात घेऊ नका, इंग्लंडात असलं चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

आधी नकाशा. 1881 ची ब्रिटिश जनगणना फॅमिलीसर्च या वेबसाईटवर फुकट आहे, अकाउंट काढायचं, आडनाव टाकायचं आणि कुठल्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, किती माणसं ते वहीत उतरवायचं. इथंच लोक फसतात बघा, लंडनचा आकडा मोठा दिसला की मूळ लंडनचंच म्हणून मोकळे होतात, पण आपली माणसं मुंबईला गिरणीत गेली तशी तिकडनं चारी बाजूंनी माणसं लंडनला पोटासाठी गेलेली, म्हणून आकड्याला त्या काउंटीच्या लोकसंख्येनं भागायचं, मग खरं चित्र दिसतं. आणि जन्मगावाचा रकाना सोडू नका, माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच, 1881 ला सत्तरीत असलेला म्हातारा तुम्हाला थेट 1811 च्या आसपासचं गाव सांगतो.

त्याच्या मागं जायचं तर जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासनं, तिचा इंडेक्स, म्हणजे नावांची यादी, फ्रीबीएमडी या साईटवर फुकट, आणि त्याआधी चर्चची रजिस्टरं, 1538 पासनं, पण सगळीकडची टिकलेली नाहीत. स्पेलिंगवर अडून बसू नका, जुन्या हस्ताक्षरात एन आणि यू सारखेच दिसतात, म्हणजे एम-ए-एन-टी चं इंडेक्समध्ये एम-ए-यू-टी होऊन बसलेलं असू शकतं, तेव्हा मधल्या अक्षरांच्या जागी स्टार टाकून पण शोधा.

प्रसिद्ध माणसंही नकाशावर मांडा, उदाहरणार्थ बिशप रिचर्ड मँट 1776 ला साउदॅम्प्टनला जन्मले, पण आडनाव एक म्हणून लगेच नातं जोडू नका.

गावावरनं पडलेल्या आडनावाचं एक लक्षात ठेवा, ते नाव गाव सोडल्यावर पडतं, गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारणार, म्हणून नकाशावरची गर्दी मूळ गावापासनं जरा लांब दिसू शकते.

इकडं नोकरीला आलेला साहेब मात्र त्या जनगणनेत नसणार. त्याच्यासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याची, चर्च रजिस्टरं, मुंबई इलाख्याची एन/3 या नंबरखाली, बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं आहे, आणि फिबिस या ब्रिटिशकालीन भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या साईटवर नाव टाकून फुकट शोधता येतं.