विज्ञान-विनोदी श्रुतिका लिहायची असेल तर

गेली अकरा वर्षं मी श्रुतिका लिहितोय. यान, परग्रह असलं काही लिहायला घेतलेले लोक विचारतात, सुरुवात कुठून करू? मी सांगतो, आधी डग्लस ॲडम्सची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ऐका. हो, ऐका. ८ मार्च १९७८ला रात्री साडेदहा वाजता ती बीबीसी रेडिओ ४वर सुरू झाली. कादंबरी आली १९७९मध्ये.

पहिला भाग वही-पेन घेऊन ऐका. आर्थर डेंटचं घर पाडायला बुलडोझर आलाय, कारण तिथून बायपास जायचाय. आराखडा लावलेला होता, हरकत वेळेत का नाही घेतलीत, असं त्यालाच सुनावतात. आणि लावला कुठे होता? तळघरात, वापरात नसलेल्या संडासात, कुलूपबंद कपाटाच्या तळाशी. थोड्याच वेळात व्होगॉन नावाचे परग्रहवासी येतात. पृथ्वी पाडायचीय, अंतराळातल्या बायपाससाठी. आराखडे पन्नास वर्षं अल्फा सेंटॉरी या दूरच्या ताऱ्याकडे लावलेले होते! प्रसंग तोच, भाषा तीच, फक्त घराच्या जागी पृथ्वी.

कल्पना जितकी अचाट, तितकी तिची भाषा रोजच्या कचेरीतली ठेवा. माझ्या मंगळावरच्या श्रुतिकेत मी दोन पानं यानाच्या इंजिनावर घातली होती. ती काढली आणि तलाठी आणला: “सातबाऱ्यावर विवर एकच आहे, तुम्ही तीन दाखवताय. आधी फेरफार करून आणा.” तालमीत पहिला हशा तिथे आला.

दुसरी अडचण माहितीची. परका ग्रह श्रोत्याला समजावायचा कुणी? पात्रांच्या तोंडी कोंबलात तर संवाद मेलाच. ॲडम्सनं हे काम त्या ‘गाइड’लाच, म्हणजे कथेतल्या प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकालाच दिलं. कथा थांबते आणि नट पीटर जोन्स त्यातली नोंद शांतपणे वाचतो. तुम्हीही निवेदक घ्या, पण त्याची प्रत्येक नोंद कथेबाहेर काढून एकटी वाचून पाहा. तरीही मजा आली तरच ठेवा.

आवाजावर मात्र जीव लावा. ॲडम्सला ही मालिका रॉक अल्बमसारखी, थरावर थर चढवलेली ऐकू यायला हवी होती. निर्माता जेफ्री पर्किन्स आणि बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोग विभागातल्या मंडळींनी टेपच्या जमान्यात ते करून दाखवलं. म्हणून संहितेत ‘विचित्र आवाज’ असं लिहू नका. ‘ओल्या फरशीवरून पत्र्याचं पिंप ओढल्यासारखा’ असं लिहा, म्हणजे ध्वनिसंयोजकाला नेमकं काय शोधायचं ते कळतं.

आणि अडलात तर जोडीदार घ्या. ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेचं काम अंगावर आल्यावर ॲडम्सनं पहिल्या पर्वाचे शेवटचे दोन भाग मित्र जॉन लॉइडबरोबर लिहिले. हे कळलं तेव्हा मला फार धीर आला होता.

खर्डा झाला की फोनवर वाचून रेकॉर्ड करा आणि रात्री दिवा मालवून ऐका. ‘आत्ता कोण बोललं?’ असा प्रश्न जिथे पडेल तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशी आधी तेवढंच दुरुस्त करा.