संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजपत्रकावरील वाद कसा वाचावा

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजपत्रकावरून सदस्य देशांत मतभेद झाल्याची बातमी आली, की तो एकच वाद आहे असे समजून आपण ती वाचतो. प्रत्यक्षात त्यात तीन निरनिराळे प्रश्न मिसळलेले असतात: खर्च किती करायचा, त्यातला वाटा कोणी किती उचलायचा, आणि ठरलेला वाटा तो देश खरोखर भरतो का. हे प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या नियमांनी सुटतात. त्यामुळे बातमी यांपैकी कोणत्या प्रश्नाची आहे, हे आधी ठरवावे.

त्याच्याही आधी खाते पाहावे. नियमित अंदाजपत्रक जानेवारी ते डिसेंबर असे चालते, शांतिसेनेचा हिशेब वेगळा असून त्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते, आणि युनेस्को किंवा जागतिक आरोग्य संघटना यांची अंदाजपत्रके त्यांची स्वतःची असतात. अमुक देशाने ‘संयुक्त राष्ट्रांचा पैसा रोखला’ या वाक्यातून खाते कळल्याशिवाय काहीच कळत नाही.

खर्च किती, हा प्रश्न दर वर्षअखेरीस न्यूयॉर्कमध्ये सुटतो. सरचिटणीस प्रस्ताव मांडतात, तज्ज्ञांची सल्लागार समिती तो तपासून कपाती सुचवते, सर्व सदस्य देशांची पाचवी समिती त्यावर वाटाघाटी करते आणि शेवटी आमसभा तो मंजूर करते. सनदेच्या १८व्या कलमानुसार त्यासाठी दोन तृतीयांश बहुमत पुरते. मात्र १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने असा कायदा केला, की अर्थविषयक निर्णयांत वर्गणीच्या प्रमाणात मताला वजन मिळाले नाही, तर अमेरिका २० टक्क्यांहून अधिक वाटा देणार नाही. त्यानंतर १९८६ च्या ४१/२१३ या ठरावाने पाचव्या समितीत शक्यतो सहमतीने निर्णय घेण्याचा मार्ग स्वीकारला गेला. म्हणूनच अंदाजपत्रकावर मतदान झाले, तर तीच मोठी बातमी समजावी.

अशा वेळी एकूण रकमेवर नजर खिळवू नये, हा या मार्गदर्शनातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. डिसेंबर २००७ मध्ये अंदाजपत्रक १४२ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर झाले, आणि विरोधी मत अमेरिकेचे होते. डिसेंबर २०२० मध्ये १६८ विरुद्ध २ असे मतदान झाले, आणि अमेरिकेसोबत इस्रायल होता. दोन्ही वेळा आक्षेपाचा एक ठळक मुद्दा २००१ च्या दरबान (दक्षिण आफ्रिका) येथील वंशवादविरोधी परिषदेच्या, म्हणजे जिच्यातून अमेरिका व इस्रायल बाहेर पडले होते तिच्या, पाठपुराव्यावरील खर्च हा होता, आणि अब्जावधी डॉलरांच्या अंदाजपत्रकात ती तरतूद अगदी किरकोळ होती. राजकीय मंचावर हरलेला वाद पुष्कळदा असा खर्चाच्या एखाद्या बाबीतून पुन्हा उभा राहतो. तेव्हा मूळ प्रस्ताव, सल्लागार समितीचा अहवाल आणि अंतिम ठराव शेजारी ठेवून कोणती पदे व कोणत्या तरतुदी गळाल्या ते शोधावे. मानवी हक्कविषयक चौकशी यंत्रणांच्या तरतुदी तर आवर्जून पाहाव्यात.

वाट्याचा प्रश्न दर तीन वर्षांनी येतो. राष्ट्रीय उत्पन्न हा त्याचा पाया असतो, त्यात कर्जाचा बोजा व कमी दरडोई उत्पन्न यांसाठी सूट मिळते. किमान वाटा ०.००१ टक्का आणि कमाल २२ टक्के आहे. ही कमाल मर्यादा केवळ अमेरिकेला लागू पडते, आणि ती २००० च्या अखेरीस २५ वरून २२ टक्क्यांवर आणली गेली. एकाचा वाटा घटला की इतरांचा वाढतोच, म्हणून हा वाद उघडपणे स्वार्थाचा असतो. २०२५ ते २०२७ साठी चीनचा वाटा २० टक्क्यांच्या किंचित वर गेला आहे, हे लक्षात ठेवले तर पुढची भांडणे समजायला सोपी जातील.

उरतो तो भरण्याचा प्रश्न. मागील पूर्ण दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली, तर १९व्या कलमानुसार आमसभेतील मत जाते. सुरक्षा परिषदेतील मताला मात्र या कलमाने धक्का लागत नाही. बड्या देशांविरुद्ध ते वापरणे किती अवघड आहे, हे १९६४ मध्ये दिसले. काँगो व मध्यपूर्वेतील शांतिसेनेचा खर्च सोव्हिएत संघ व फ्रान्स देईनात. तो खर्च संघटनेचाच आहे, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितलेले होते, तरीही संघर्ष टाळण्यासाठी आमसभेने त्या अधिवेशनात नेहमीसारखे मतदान न घेता काम चालवले.

येथे वर्गणी ‘बुडवली’ आणि ‘उशिरा भरली’ यांत फरक करावा, पण उशीर निरुपद्रवी मानू नये. मागणीपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम देय असते. ती वर्षअखेरीस आली, तर खर्च करायला वेळच उरत नाही, आणि न वापरलेली तरतूद नियमानुसार सदस्य देशांच्या खात्यात परत जमा दाखवावी लागते. सरचिटणीस अंतोनियो गुतेरेश यांनी याच नियमात बदल मागितला आहे. पूर्ण वर्गणी भरणाऱ्या देशांची यादी संयुक्त राष्ट्रे तारखांसह प्रसिद्ध करतात. एखाद्या देशाने आमसभेत संघटनेविषयी आस्था व्यक्त केली असेल, तर त्या यादीत त्याच्या नावापुढे कोणती तारीख आहे, किंवा नाव आहे तरी का, ते तपासावे.