उपाशी रेडिओ: एनआरएफ२४ आणि लोरा मॉड्यूलची वीज आणि वायरिंग

बोअर शिवारात, घर गावात, मध्ये उभा ऊस. थ्री-फेज आली का ते बघायला रोजचा हेलपाटा. निपाणी-चिकोडीकडे असो की खानापूरकडे, आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, रेडिओ मॉड्यूल जोडायला एवढं निमित्त पुरतं. शेतातल्या बोर्डानं ‘करंट आला’ सांगायचं, घरातल्यानं दिवा लावायचा. टेबलावर हे एका संध्याकाळीत चालतं किंवा आठवडाभर चालत नाही. चाललं नाही की ‘मॉड्यूल ड्युप्लिकेट निघालं’ म्हणून ते बाजूला पडतं. बाजारात ड्युप्लिकेट माल आहेच, पण आधी त्याला पोटभर वीज मिळते का ते बघा.

साधं एनआरएफ२४एल०१+ मॉड्यूल (२.४ गिगाहर्ट्झवरचा छोटा रेडिओ), म्हणजे ज्याचा अँटेना बोर्डावरच नागमोडी छापलेला असतो, ते १.९ ते ३.६ व्होल्टवर चालतं आणि जेमतेम ११ ते १४ मिलिअँपिअर खातं. आर्डुइनो उनो बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनची ऐपत ५० मिलिअँपिअरची, म्हणजे हिशेब बसतो. तरीही अडतं, कारण हा करंट एकसारखा वाहत नाही. पाठवण्याची वेळ आली की चिप एकदम घोट घेते, लांब जंपर वायर आणि ब्रेडबोर्डाच्या ढिल्या पकडीतून तो वेळेवर पोचत नाही, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि पाकीट, म्हणजे पाठवलेल्या डेटाचा तुकडा, अर्ध्यावर मरतं. मल्टिमीटर लावाल तर तो खुशाल ३.३ दाखवेल. मिलिसेकंदाचा खड्डा त्याला दिसत नाही.

उपाय दोन-चार रुपयांचा. मॉड्यूलच्या व्हीसीसी आणि ग्राउंड या दोन पिनांवरच १० ते १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) डाका, म्हणजे सोल्डर करा, त्याच्या शेजारी १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिकची पांढरी पट्टी ग्राउंडकडे. ‘पिनांवरच’ हा शब्द महत्त्वाचा आहे: ब्रेडबोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेला कपॅसिटर म्हणजे तळ्याकाठची टाकी, घरातला माठ नव्हे.

बाहेर काडीसारखा अँटेना असलेलं, पीए (पाठवण्याची ताकद वाढवणारा भाग) आणि एलएनए (आलेला क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) असलेलं मॉड्यूल वेगळ्या जातीचं. ते पूर्ण ताकदीनं पाठवताना ११५ मिलिअँपिअरपर्यंत जातं आणि नुसतं ऐकतानाही ४५ च्या आसपास खातं. हे उनोच्या ३.३ पिनवर लावूच नका. सीएच३४० या यूएसबी चिपवाल्या स्वस्त आर्डुइनो नॅनोवर तर नाहीच, त्याची ३.३ ची पिन यूएसबी चिपच्या आतून येते आणि फारच अशक्त असते. त्यासाठी आठ पिनांचं सॉकेट असलेला अडॅप्टर बोर्ड मिळतो. त्यावर एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३ वर बांधून ठेवणारा भाग) असतो, त्याला बोर्डाचे ५ व्होल्ट द्यायचे. मात्र या रेग्युलेटरला आत-बाहेर एक ते सव्वा व्होल्टचा फरक लागतो. म्हणून ३.७ व्होल्टच्या १८६५० लिथियम सेलवर तो अडॅप्टर चालवला तर सेल भरलेला असताना कसंबसं चालतं आणि रात्री बंद पडतं. बॅटरीवर एचटी७३३३ किंवा एमसीपी१७०० रेग्युलेटर घ्या. दोन्ही २५० मिलिअँपिअर देतात आणि स्वतः काही मायक्रोअँपिअरच खातात. एएमएस१११७ काही न करता पाचेक मिलिअँपिअर पितो.

आता वायरिंग. आठ पिना दोन ओळींत असतात, त्यामुळे मॉड्यूल सरळ ब्रेडबोर्डात खुपसता येत नाही, समोरासमोरच्या पिना एकमेकींना चिकटतात. चौकोनी पॅडची पिन १ म्हणजे ग्राउंड, तिच्या जोडीची २ व्हीसीसी. पुढे ३ सीई, ४ सीएसएन, ५ एससीके, ६ मोसी, ७ मिसो, ८ आयआरक्यू. सर्वात जास्त घोळ इथेच होतो: चित्र बोर्डाच्या वरच्या बाजूचं असतं आणि वायर लावताना मॉड्यूल उलटं धरलेलं असतं, मग डावं-उजवं फिरतं. मार्करनं खालच्या बाजूला ‘ग्रा’ लिहून ठेवा, लाज वाटून घेऊ नका.

उनो किंवा नॅनोवर एससीके १३ ला, मिसो १२ ला, मोसी ११ ला. हे तिन्ही ठरलेले. सीई ९ आणि सीएसएन १० धरा, कोडमध्येही त्याच क्रमानं लिहा. आर्डुइनो मेगावर ५२, ५०, ५१ असा क्रम येतो. आयआरक्यू मोकळी सोडली तरी चालते. डेटाच्या पिना ५ व्होल्ट सोसतात, व्हीसीसी सोसत नाही. तिथं चुकून ५ लागले की चिपचा भरवसा संपला, नंतर ‘कधी चालते कधी नाही’ असा आजार लागतो. वायर दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा.

चालू करताना आरएफ२४ लायब्ररीतलं प्रिंटडिटेल्स हे फंक्शन चालवा. सगळीकडे शून्य किंवा सगळीकडे एफएफ आलं तर वायरिंग चुकलंय, कोडला हात लावू नका. पत्ते आणि चॅनेल नीट दिसतायत पण पाकीट पोचत नाही, तर ताकद मिनिमम करून बघा. मिनिममवर चालतं आणि मॅक्सवर नाही, म्हणजे दोष विजेचाच. एका टेबलावर दोन पीएवाली मॉड्यूलं फुटभर अंतरावर मॅक्सवर ठेवली तर ऐकणाऱ्याचे कान बसतात. तेव्हाही मिनिममच ठेवा, नाहीतर दोन-तीन मीटर लांब न्या. वेग २५० केबीपीएस ठेवला की पल्ला वाढतो.

चॅनेलचं गणित सोपं आहे: २४०० अधिक चॅनेल नंबर, तेवढे मेगाहर्ट्झ. वायफाय टाळायला कुणी १०८ सुचवतं, पण आपल्याकडे परवानामुक्त पट्टा २४८३.५ ला संपतो. लायब्ररीत आधीपासून असलेला ७६ बरा आहे.

आणि मुद्द्याची गोष्ट: २.४ गिगाहर्ट्झला ओला ऊस सोसत नाही. पानातलं पाणी सिग्नल पिऊन टाकतं. लागण लहान असताना चाललेलं काम ऊस डोक्यावर गेला की बंद पडतं आणि दोष पुन्हा मॉड्यूलला लागतो. एक तर अँटेना उसाच्या शेंड्याच्या वर न्या, नाहीतर लोरा, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवरचा लांब पल्ल्याचा रेडिओ, घ्या.

लोरात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारं, एसएक्स१२७६ चिपचं मॉड्यूल घ्या आणि कोडमध्ये ८६६ लिहा. परदेशी उदाहरणांत ९१५ असतं, ते तसंच उचलू नका, आपल्याकडे ती जागा मोबाईलची. ही चिप २० डीबीएमवर, म्हणजे पूर्ण ताकदीनं, पाठवताना १२० मिलिअँपिअर घेते, झोपेत जवळपास काही नाही. अँटेना लावल्याशिवाय पाठवायला सांगू नका, बाहेर न गेलेली ताकद चिपच्या पोटातच परतते. अँटेना हाताशी नसेल तर सव्वाआठ ते साडेआठ सेंटिमीटरची सरळ तार डाका, पाव तरंगलांबी तेवढीच भरते.

एनआरएफसारखी सहनशक्ती इथं नाही. लोराच्या डेटा पिनांना ५ व्होल्ट चालत नाहीत. त्यामुळे ३.३ व्होल्टचा, ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी किंवा ईएसपी३२ बोर्ड घेणं शहाणपणाचं. उनोच वापरायचा असेल तर एससीके, मोसी, एनएसएस (लोराचा सीएसएन) आणि रिसेट या चारही ओळींत १ किलोओहम घाला आणि मॉड्यूलच्या बाजूनं २ किलोओहम ग्राउंडला द्या, ५ चे ३.३ होतात. मिसो उलट दिशेनं येतो, तो थेट जोडा.

सोलरवर १८६५० भरायला टीपी४०५६ चार्जिंग बोर्ड वापरताना एक कळ: त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर १ अँपिअर मागतो. छोट्या पॅनलचा त्यात जीव जातो. तो काढून १० किलोओहम लावला की मागणी १३० मिलिअँपिअरवर येते.

स्टार्टरच्या पेटीत रेडिओ ठेवू नका. काँटॅक्टर सुटताना ठिणगीचा धक्का वायरींत शिरतो आणि बोर्ड आपोआप रिसेट होतो. वेगळा डबा, निदान तीन-चार फूट लांब. फेज ओळखण्याची जोडणी ऑप्टोकपलरमधून (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) आणि ती वायरमनच्या हातून. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ढिल्या जंपर वायर महिन्याभरात हिरव्या पडतात, म्हणून शेतात जे जाईल ते डाकलेलंच जावं. वायर डब्यात खालून घ्या, आत शिरण्याआधी तिला एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, आणि डब्याचं झाकण उत्तरेकडे ठेवा, एप्रिलच्या उन्हात सेल तापतो.