सिगारेट सोडणाऱ्या पोराच्या फोनमध्ये काय भरायचं

काळ्या फुप्फुसांचे फोटो फॉरवर्ड करून कोणी सिगारेट सोडत नाही. तसं चित्र पाकिटावर असतंच, तरी टपरीवर पाकीट खपतंच. फोनचं काम वेगळं: तलफ यायच्या आधी खिशात काहीतरी वाजलं पाहिजे.

पहिला आठवडा सोडायची नाही, फक्त नोंद ठेवायची. सिगारेट पेटवली की स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचं: वेळ, जागा, सोबत कोण. ‘७.४०, एसटी स्टँड, एकटा.’ ‘१०.५०, टपरी, चहा, तिघं.’ आठवड्याअखेर त्याच चार-पाच वेळा पुन्हा पुन्हा दिसतात. त्या प्रत्येक वेळेच्या पाच मिनिटं आधीचा अलार्म लावायचा आणि त्याला नाव द्यायचं: ‘चहा कॅन्टीनला, टपरीवर नको’. मेसेजवर विसंबू नका. खाडीपलीकडच्या वाडीत, घाटात, होडीवर रेंज नसते; पावसात लाईट गेली की काही वेळानं टॉवरही झोपतो आणि दिवसभराचे मेसेज रात्री एकदम येतात. अलार्मला रेंज लागत नाही.

सोडायची तारीख पुढच्या पंधरवड्यातलीच धरा, पण शिमगा-गणपतीत नको. मुंबईचे मित्र आले की पाकीट फिरतंच.

०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की सरकारी योजनेचे मेसेज सुरू होतात. समुपदेशकाशी बोलायला १८००-११-२३५६, फुकट. हा नंबर पाकिटावरच छापलेला असतो. घरचे फोन चाळत असतील तर दोन्ही नंबर साध्या नावानं सेव्ह करा. नुसत्या मेसेजनं काय होणार, असं वाटत असेल तर ब्रिटनमधली २०११ची चाचणी बघा: सहा महिन्यांनी सिगारेट सोडायचे मेसेज मिळणाऱ्यांपैकी १०.७ टक्के सुटलेले, बाकीच्यांत ४.९.

पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. तलफ साधारण पाच मिनिटांत ओसरते, म्हणून टायमर लावा, पाणी प्या, जागा सोडा. मदत करणाऱ्यानं या दिवसांत मेसेज न टाकता संध्याकाळी फोनच करावा.

निकोटिनचा च्युइंगम (सुरुवातीला २ मिलिग्रॅम, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पेटवणाऱ्याला ४) सतत चघळायचा नसतो. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, सोलकढी, कोकम सरबत बंद. आंबटानं निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही, मग पोरं म्हणतात च्युइंगममध्ये दम नाही. अठराच्या आतल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. ई-सिगारेट हा पर्याय नाही. २०१९पासून देशात बंदी आहे.

मोठा ग्रुप काढू नका, आठवड्यात त्याचं ‘शुभ सकाळ’ होतं. दोघं-तिघं पुरे. एखादी ओढलीच तर ‘परत ओढलीस?’ असं लिहू नये. ‘कुठे होतास?’ एवढंच विचारायचं आणि त्या जागेचा नवा अलार्म लावून द्यायचा. महिन्यानं अलार्म पुसू नका, फक्त बंद करा; चाकरमानी यायच्या आदल्या दिवशी पुन्हा चालू करायला लागतील.