प्लेऑफच्या सामन्याआधी दोन्ही स्टार्टर तोलताना या चुका टाळा

9 ऑक्टोबर 2024, सॅन डिएगो. अमेरिकन बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, पाड्रेज मालिकेत डॉजर्सविरुद्ध 2-1 ने पुढे होते, आणखी एक सामना जिंकला की डॉजर्स स्पर्धेबाहेर. पाड्रेजचा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर (गोलंदाज), होता डिलन सीझ, ज्याने त्याच जुलैमध्ये वॉशिंग्टनला नो-हिटर टाकला होता, म्हणजे पूर्ण सामन्यात एकही हिट दिली नव्हती. समोर डॉजर्सचा रायन ब्रेझिअर, म्हणजे एरवी उशिरा येऊन एखादी इनिंग (सामन्याच्या नऊ डावांपैकी एक) टाकणारा रिलिव्हर. नुसती नावं पाहिली तर कुणीही पाड्रेजच म्हटलं असतं. डॉजर्स 8-0 ने जिंकले. सीझला दुसरी इनिंगसुद्धा पुरी करता आली नाही आणि डॉजर्सच्या आठ पिचरांनी मिळून पाड्रेजला एकही धाव करू दिली नाही.

अंदाज चुकला तो ‘दोघांत भारी कोण?’ या प्रश्नामुळे. सामन्यात 27 आउट काढायचे असतात. त्यातले आज हा गडी किती काढेल, कुठल्या बॅटरांचे काढेल आणि उरलेले कोण काढणार, एवढंच विचारायचं. सीझ नेहमीच्या चार-पाच दिवसांऐवजी तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरला होता. ही गोष्ट कुठल्याही वेळापत्रकात दिसते, पण नो-हिटरच्या झगमगाटात ती तारीख मोजायची राहून जाते. डॉजर्सकडे मात्र बुलपेनच्या, म्हणजे राखीव रिलिव्हरांच्या ताफ्याच्या, भरवशावर पूर्ण सामना खेळायची तयारी होती.

मोसमाच्या आकड्यांवर थांबणं

विजय-पराजयाचा रकाना तर बघूच नका. 2018 मध्ये पिचर जेकब डीग्रॉमचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावे लागणाऱ्या धावा, कमी तितका चांगला) 1.70 होता आणि खात्यात 10 विजय, 9 पराभव. त्याचे सहकारी धावा करत नव्हते, त्यात त्याचा काय दोष? सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला.

ईआरए त्याहून बरा. पण तो झालेल्या मोसमाचा हिशोब आहे. आज हात कसा आहे हे तो सांगत नाही. 2023 मध्ये डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉचा ईआरए 2.46 होता. झकास! पण खांद्याच्या दुखण्याने तो मोसमाच्या मध्यात काही आठवडे बाहेर होता आणि परतल्यावर फास्टबॉलचा वेग उतरलेला होता. ॲरिझोनाविरुद्धच्या पहिल्या प्लेऑफ सामन्यात त्याने एकच आउट काढला आणि सहा धावा दिल्या. नोव्हेंबरमध्ये त्याच खांद्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा शेवटच्या तीन-चार सामन्यांतला वेग त्याच्याच मोसमी सरासरीशी ताडून बघा. ताशी दीड-दोन मैलांची घट दिसली तर सावध व्हा. वेग टिकून असेल तर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट बेसवर गेलेले बॅटर) यांचं प्रमाण बघा, कारण या दोन गोष्टींत फील्डरांची मेहरबानी किंवा गलथानपणा मिसळत नाही.

क्रिकेटच्या सवयीने विचार करणं

आपल्याकडे हा घोळ हमखास होतो. कर्णधार मुख्य गोलंदाजाला चार षटकं देतो, बाजूला ठेवतो आणि शेवटी पुन्हा आणतो. बेसबॉलमध्ये सामन्यातून काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. शिवाय तेच नऊ बॅटर फिरून फिरून येतात आणि तिसऱ्या फेरीपर्यंत पिचरचा चेंडू त्यांच्या डोळ्यांत बसलेला असतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफमध्ये, मॅनेजर (संघाचे निर्णय घेणारा प्रशिक्षक) स्टार्टरला लवकर उचलतात, कधी कधी फारच लवकर. 2020 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात टँपा बेच्या ब्लेक स्नेलने 73 चेंडूंत नऊ स्ट्राइकआउट काढले होते. डॉजर्सचे मुकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर मिळून सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले. तरी सहाव्या इनिंगमध्ये टँपाचा मॅनेजर केव्हिन कॅशने स्नेलला काढलं. पाठोपाठ डॉजर्सनी आघाडी घेतली आणि 3-1 ने सामना, मालिका, सगळंच जिंकलं. माझ्या मते तो निर्णय चुकलाच, पण अंदाज बांधणाऱ्याला माझ्या मताचा उपयोग नाही. हा मॅनेजर असंच करतो, हे त्याला आधीच ठाऊक हवं.

‘हा बॅटर याला खातो’

दहा-बारा वेळा समोरासमोर आलेल्यांचे आकडे टीव्हीवर छान दिसतात, अर्थ त्यांना फारसा नसतो. त्यापेक्षा समोर डावखुरे किती, उजवे किती आणि पिचरचा मुख्य चेंडू कुठला, हे बघा. याची दुसरी बाजू म्हणजे ‘नवखा आहे, टिकणार नाही’ असं म्हणून मोकळं होणं. टोरोंटोच्या ट्रे येसाव्हेजने 2025 मध्ये प्लेऑफआधी फक्त तीन सामने सुरू केले होते. तेवढ्यावरून ईआरए काय सांगणार? पण फार उंचावरून सुटणारा हात आणि खाली पडणारा स्प्लिटर तेव्हाही दिसत होता. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात त्याने डॉजर्सचे 12 स्ट्राइकआउट काढले, एकही वॉक न देता. समोर होता अनुभवी स्नेल, आता डॉजर्सकडे. त्याच्या पहिल्या तीन चेंडूंत दोन होमरन गेले.

जाहीर झालेलं नाव प्रमाण मानणं

2018 मध्ये मिलवॉकीने डॉजर्सविरुद्ध पाचव्या सामन्यात डावखुऱ्या वेड मायलीला उतरवलं. डॉजर्सनी त्याच्यासाठी उजव्या बॅटरांची फळी मांडली. मायलीने एका बॅटरला वॉक दिला आणि तो निघून गेला. पुढे उजव्या हाताचा ब्रँडन वुड्रफ. ठरवून केलेली चाल होती ती. सामना मात्र डॉजर्सनीच जिंकला.

मैदान आणि हवा बघाच, पण तिथे अडकू नका. डेन्व्हरची विरळ हवा सोडली तर त्याने स्टार्टरांची तुलना क्वचितच उलटते.

एवढं करूनही दोघं सारखेच वाटत असतील तर स्टार्टरांना बाजूला ठेवा आणि आदल्या दोन दिवसांत बुलपेनमधल्या कुणी किती चेंडू टाकले ते मोजा. लागोपाठ दोन दिवस आलेला पहिल्या पसंतीचा रिलिव्हर आज मिळेलच असं नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री आठला सुरू होणारा सामना भारतात पहाटे साडेपाचच्या सुमारास लागतो, म्हणून रात्री बांधलेला अंदाज उठल्यावर लाइनअप आणि स्टार्टर बघून एकदा तपासा. मग पहिल्या इनिंगमध्ये पडद्यावरचा फास्टबॉलचा वेग वाचा. नेहमीपेक्षा ताशी दोन मैल कमी दिसला तर रात्रीचा अंदाज तिथेच मोडा.