लोअर आर्म आणि बुश घरी बदलताय? जॅकच्या आधी मोजपट्टी काढा

गाडी अजून चारही चाकांवर उभी आहे ना? मग पाने-गोट्या (सॉकेट) राहू द्या, आधी मोजपट्टी आणा. जमीन सपाट हवी, गाडीत कोणी बसलेलं नको. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, चिकटपट्टीवर लिहा आणि ती पट्टी मडगार्डलाच लावून टाका. डाव्या बाजूचं वेगळं, उजव्या बाजूचं वेगळं. गाडी एकदा उचलली की हे माप हातचं गेलं. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं आणि नवेकोरे बुश जुन्यांच्याही आधी फाटले, म्हणून हा खटाटोप.

कारण कळलं की विसर पडत नाही. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि तो सांगाड्याला जिथे जोडला जातो तिथे बुश. बुशला बाहेर एक धातूची नळी, आत एक नळी आणि मध्ये दोन्हींना पक्कं चिकटलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडली जाते, ती फिरत नाही. आर्म वरखाली होतो तो निव्वळ रबर पिळलं जातं म्हणून. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट पक्का केलात, तर रबराच्या हिशेबाने ती लोंबती अवस्थाच सरळ ठरते. मग गाडी खाली उतरली की नुसती उभी असतानाही ते पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं ताणलेलं, आणि प्रत्येक खड्ड्यात त्यावर आणखी पीळ. म्हणून बुशचे बोल्ट हवेत फक्त बेताचे लावायचे, शेवटचं आवळणं आर्म त्या मोजलेल्या उंचीवर आल्यावर. बॉल जॉइंटचा, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या सांध्याचा, नट हवेतच पूर्ण आवळला तरी चालतो, तिथे रबर पिळायचा प्रश्नच नाही.

याचा अर्थ तयारीत रॅम्प किंवा दुसरा जॅक आलाच. रॅम्प उत्तम, चाक लावून गाडी वर घ्यायची आणि खालून बोल्ट आवळायचे. पण तिथे पान्याला जागा मिळते का, हे जुना आर्म अजून जागेवर असतानाच झोपून बघून घ्या. दुसऱ्या जॅकने करायचं तर तो बॉल जॉइंटच्या खाली लावून आर्म हळूहळू वर घ्यायचा, हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) मध्य आणि मडगार्डची कड यांत चिकटपट्टीवरचं अंतर येईपर्यंत. त्या उंचीला गाडी स्टँडवरून सुटायच्या बेतात असते, तेव्हा नजर स्टँडवर ठेवा. माप लिहिलंय ना? नसेल तर हा परिच्छेद तुमच्या कामाचा नाही.

जॅक स्टँड, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून), पक्की जमीन. यावर बोलायला लावू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालणाऱ्याने पुढचं वाचूच नये.

सुटे भाग मागवण्याआधी नक्की काय गेलंय ते बघा. खडखड ऐकू आली की लोक थेट शॉकअप बदलतात आणि निघतो लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) जोडलेली छोटी काडी. पहारीने आर्म हलवून बुश बघा, बॉल जॉइंटचा खेळ बघा, लिंक रॉड हाताने हलवा. शॉकअप तेल गाळत असेल तर जोडीनेच बदला, एकटा नाही. घरी प्रेस नसेल तर सुटा बुश आणू नका, बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला अख्खा आर्म आणा. सुटा बुश ठोकून बसवला की त्याची दिशा चुकते, आणि काही बुशमध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, त्या ठरावीक बाजूलाच याव्या लागतात. सेल्फ लॉकिंग नट आणि स्प्लिट पिन नवे. काही बोल्टही एकदाच वापरायचे असतात; कोणते, ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडेल. टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडेही तिथूनच, आदल्या दिवशी कागदावर उतरवून. पुढच्या आणि मागच्या बुशचा आकडा अनेकदा वेगळा असतो, आणि ग्रीस लागलेल्या हाताने मोबाइलवर पानं चाळण्यात मजा नाही.

हत्यारं: लांब दांडा, सहा पैलूंच्या गोट्या (बारा पैलूंची गंजलेल्या नटाचे कोपरे खाते), टॉर्क पाना, वायर ब्रश, बॉल जॉइंट पुलर. टॉर्क पान्याने काहीही सैल करू नका, तो बिघडतो. लिंक रॉडच्या नटाबरोबर आतला खिळाही फिरतो. तो धरायला योग्य मापाची ॲलन की हवी, नाहीतर ग्राइंडर तयार ठेवा. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारा, पण बुशच्या रबरावर आणि ब्रेक डिस्कवर उडवू नका.

आणि ती चिकटपट्टी. गाडी धुतली, पुसली, पट्टी पडली, असं व्हायला नको. आकडा भिंतीवर खडूनेही लिहा.

स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगची जोडणी, सोडायचा असेल तर एकच गोष्ट: स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय वरच्या टोकाचा मधला नट सैल करायचा नाही. स्प्रिंग सुटली तर हात, जबडा, काहीही जाऊ शकतं. चांगला कंप्रेसर नसेल तर स्ट्रट तसाच अख्खा काढून स्प्रिंगची अदलाबदल गॅरेजमधून करून आणा, किंवा तयार जोडलेला स्ट्रट घ्या. यात कमीपणा काही नाही.

उघडायला लागल्यावर: चाकाचे नट जमिनीवरच ढिले करा. स्टॅबिलायझर बारचं काम असेल तर दोन्ही चाकं सारखी उचला, नाहीतर बार ताणलेला राहतो आणि लिंक निघता निघत नाही. एबीएसची वायर आणि ब्रेक होज ताणले जाऊ देऊ नका. नकल (हब धरणारा भाग) बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटतो. बॉल जॉइंट सुटत नसेल तर हातोडी नकलच्या कानावर बाजूने मारा, आट्यांवर नाही. स्ट्रटचे खालचे बोल्ट काढण्याआधी खूण करा.

बसवताना उलट क्रम. बुशचे बोल्ट? बेताचे. मग आर्म वर, माप जुळवा, मग टॉर्क. दुसऱ्या बाजूलाही तेच, तिथे कंटाळा येतो आणि नेमकं तिथेच हवेत आवळलं जातं.

चाकं, नट टॉर्कने. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून काही घासतंय का बघा. हळू एक फेरी. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा. अलाइनमेंटची वेळ आधीच घेऊन ठेवा, तोवर लांब जाऊ नका.