लंडनला जेवायला जाताय? आधी या चुका टाळा

मे महिना जवळ आला की फोनवर एकच निरोप पुन्हा पुन्हा येऊ लागतो : "आम्ही लंडनला चाललोय, कुठे कुठे जेवायचं ती यादी पाठव ना." परदेश सहली आखून देणं हा माझा धंदाच, त्यामुळे यादी तयार असते. पण हल्ली मी ती लगेच पाठवत नाही. आधी विचारते, कोणत्या वारी कुठल्या भागात असाल? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. रील्स बघून जमवलेली पंचवीस-तीस नावं मात्र असतात.

वार आणि वेळ न बघता निघणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आपल्याकडे रात्री साडेअकराला भूक लागली तरी मोहम्मद अली रोड आहे, निदान नाक्यावर भुर्जीपाव तरी आहे. तीच सवय घेऊन लोक लंडनला उतरतात. तिथे पब रात्री अकरापर्यंत उघडा दिसतो, आत माणसं दिसतात, पण स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी नऊ-साडेनऊलाच बंद झालेलं असतं.

पार्ल्याचं एक कुटुंब गेलं होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई. संडे रोस्ट खायचंच, असं मुलांचं ठरलेलं : भाजलेलं मांस, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग (नावाला पुडिंग, पण गोड नाही; मैदा-अंड्याचा फुगलेला पाव), वरून ग्रेव्ही. मी कागदावर ठळक लिहून दिलं होतं, रविवारी दुपारी एकचं टेबल आधी बुक करा. नवऱ्याला वाटलं, पबच तर आहे, बुकिंग-बिकिंग कशाला? दिवसभर डबलडेकरमधून फिरले, म्युझियम पाहिलं आणि रात्री साडेआठला पबच्या दारात हजर. रोस्ट संपलेलं. ते मुळात दुपारचं जेवण. बाराच्या सुमाराला वाढायला लागतात आणि संपलं की संपलं. दुसऱ्या पबात तेच उत्तर. तिसऱ्यात शेगडीच बंद.

मग साहेबांनी शॉर्टकट काढला, सुपरमार्केटमधून काहीतरी उचलू. तेही बंद! इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याप्रमाणे २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळातले सलग सहाच तास धंदा करता येतो. शेवटी कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली गार सँडविचं हॉटेलच्या पलंगावर बसून खाल्ली. सासूबाईंनी बॅगेतून दशम्या काढल्या म्हणून मुलं पोटभर जेवली. मला फोन आला तेव्हा मुंबईत रात्रीचे दोन वाजले होते. "तुम्ही नीट सांगितलं नव्हतं," असं वर ऐकवलं!

माझी पद्धत साधी आहे. एका कागदावर सात वारांचे रकाने पाडायचे आणि कुठे जायचं हे ठरवण्याआधी कोणत्या दिवशी काय बंद ते लिहायचं. खाण्यापिण्याचा बाजार म्हणजे बरो मार्केट, ते सोमवारी बंद. बेथनल ग्रीनचं ई. पेलिची, १९०० सालापासूनचं इटालियन कुटुंबाचं कॅफे, रविवारी बंद; तिथे इंग्लिश न्याहारीला जायचं. अडीअडचणीसाठी ब्रिक लेनवरचं बेगल बेक राखून ठेवायचं, ते चोवीस तास चालतं. बेगल म्हणजे कड्यासारखा गोल पाव, तिथे तो खारवलेलं बीफ घालून खातात. बीफ चालत नसेल तर सामन मासा आणि क्रीम चीज घातलेला बेगल घ्या. महागड्या रेस्टॉरंटमध्ये रात्री जाऊच नये असं माझं मत. अनेक ठिकाणी दुपारी ठरावीक पदार्थांचं सेट लंच मिळतं, स्वयंपाकी तेच आणि बिल बरंच कमी.

"व्हेज आहे ना?" एवढंच विचारून निश्चिंत होणं

बटाट्याच्या चिप्समध्ये काय असणार? बटाटाच! पण काही फिश अँड चिप्सवाले तळण्यासाठी बीफ ड्रिपिंग म्हणजे गाईबैलाची चरबी वापरतात, विशेषतः उत्तर इंग्लंडमध्ये ती पद्धत जुनी आहे. वनस्पती तेल वापरलं, तरी मासे आणि चिप्सची कढई एकच असू शकते. खऱ्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विरजण, असतं. मूळ वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात.

लोक म्हणतात, मेनूवर सगळं छापलेलं असतं की. छापलेली किंवा सांगितली जाणारी माहिती ॲलर्जीची असते. तिथल्या कायद्यात चौदा घटक आहेत, त्यात मासे, दूध, शेंगदाणे येतात. चरबी आणि रेनेट त्या यादीत नाहीत. म्हणून "कशात तळता, त्याच कढईत अजून काय तळता?" हे तोंडाने विचारायचं. वेटरना अशा चौकशीची सवय असते, लाजू नका. सारखं विचारायचा कंटाळा येत असेल, तर सोहोत १९८८ साली सुरू झालेलं मिल्ड्रेड्स आहे, पहिल्यापासून शाकाहारी. युस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर डोसा-भेळ मिळते, पण ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घरची आठवण अनावर झाली तर. पहिल्याच दिवशी नको.

डिशूमबद्दल सगळेच विचारतात. २०१० साली कॉव्हेंट गार्डनला सुरू झालं, मुंबईच्या इराणी कॅफेंवर बेतलेलं आहे आणि चांगलं आहे. पण ज्याला धोबीतलावचं १९०४ सालचं कयानी किंवा बॅलार्ड इस्टेटचं १९२३ सालचं ब्रिटानिया एका लोकलच्या अंतरावर आहे, त्याने लंडनच्या चार दिवसांतली एक संध्याकाळ तिथे का घालवावी? त्यापेक्षा व्हाइटचॅपलच्या तय्यब्समध्ये जा. १९७२ पासून पंजाबी पद्धतीच्या मटण चॉप्स तिथे तडतडत्या तव्यावर येतात. किंवा टॉवर ब्रिज रोडवर एम. मॅन्झेची पाय अँड मॅश (खिमा भरलेली पाय आणि कुस्करलेला बटाटा) खा, ते १९०२ पासून तिथेच आहेत. धाडस असेल तर स्मिथफील्डजवळचं सेंट जॉन. १९९४ साली उघडलं आणि भाजलेल्या नळीच्या हाडातल्या मगजासाठी जगभर नाव झालं. आपल्याकडच्या नळीवर जीव असणाऱ्याला तो आवडणारच.

बाकीच्या चुका किरकोळ.

टेबल बुक केल्यावर तिकडे न फिरकणं. बऱ्याच ठिकाणी कार्डाचा नंबर आधीच घेतलेला असतो, माणशी दंड कापला जातो.

पर्यटकांनी गजबजलेल्या लेस्टर स्क्वेअरमध्ये उभं राहून फोनवर "जवळचं बेस्ट" शोधणं. मग तक्रार करू नका.

पबमध्ये टेबलाशी बसून वेटरची वाट बघणं. बहुतेक पबांत काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची असते.

बिलावर सर्व्हिस चार्ज लागलेला असताना वर टीप ठेवणं. तो बऱ्याचदा साडेबारा टक्के असतो आणि "ऐच्छिक" असं लिहिलेलं असेल तर काढायला सांगता येतो. वाढप खरंच वाईट असेल तर सांगाच.

आणि पाण्याच्या बाटलीला चार-पाच पौंड देणं. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या जागी नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. "टॅप वॉटर" म्हणा, पाण्याचा जग आणून ठेवतील.